रेड बॅरनची सगळी शिकार लाल ट्रायप्लेनमधून? छे!

पहिल्या महायुद्धाच्या हवाई चित्रांत जर्मन लढाऊ वैमानिक मानफ्रेड फॉन रिश्टहोफेन, म्हणजेच रेड बॅरन, हमखास एकावर एक तीन पंखांच्या लाल फोकर विमानात, म्हणजे ट्रायप्लेनमध्ये दिसतो. त्यामुळे त्याच्या नावावरची 80 विमानं त्याने याच फोकरमधून पाडली, असा समज पक्का झालाय. प्रत्यक्षात सप्टेंबर 1916 मधला पहिला विजय अल्बाट्रॉस या वेगळ्या विमानातला. 1917 च्या सुरुवातीला लाल रंगवलं तेही दुपंखी अल्बाट्रॉसच. एप्रिल 1917 मध्ये त्याने 21 विमानं पाडली, तेव्हा ट्रायप्लेन आघाडीवर आलंच नव्हतं! फोकरच्या वाट्याला जेमतेम चौथा हिस्सा. शिवाय त्याची सगळी फोकरं नखशिखांत लाल नव्हती. 21 एप्रिल 1918 रोजी तो मारला गेला ते विमान मात्र लाल फोकरच; चित्रकारांनी नेमकं तेच उचललं.