राणी अडवणारी जाळी आणि माश्या उतरवणारी फळी

मध काढायची वेळ आली की नवे मधपाळ हमखास विचारतात, ‘एक्सक्लुडर लावलाय, तरी मधकोठीतल्या माश्या खाली का जात नाहीत?’ कशा जातील? ते त्याचं कामच नाही. राणी अडवणारा एक्सक्लुडर काय आणि माश्या खाली उतरवणारी बी एस्केपची फळी काय, दोन्ही पिल्लांची कोठी आणि मधकोठी यांच्या मध्येच बसतात, म्हणून ही गल्लत.

एक्सक्लुडर म्हणजे जाळी. मेलिफेरा, म्हणजे युरोपीय मधमाशीसाठी तिची फट साधारण ४.२ मिमी. कामकरी माशी त्यातून सहज वर-खाली करते. राणी मात्र त्यात मावत नाही, आणि जाडजूड नरही नाही. सातेरी, म्हणजे आपली देशी पेटीतली माशी, अंगानं लहान, तिला तिच्याच मापाची जाळी हवी. फुलोरा चालू आहे तोवर जाळी राहू द्यावी.

बी एस्केप ही एकेरी वाट. जुना, सर्वांना माहीत असलेला प्रकार पोर्टरचा: फळीत वरून गोल भोक, आत पातळ पत्र्याच्या दोन पट्ट्या, टोकांशी जेमतेम ३ मिमी अंतर. माशी पट्ट्या ढकलून खाली उतरते, परत वर येऊ शकत नाही. गोल भोक वरच्या बाजूला हवं. फळी उलटी बसली तर खालच्या माश्या मधावर चढतात. मेलिफेरा राळ लावते, त्यानं पट्ट्या चिकटतात, तेव्हा बसवण्याआधी बोट फिरवून बघा. एखादा नर अडकला तरी वाट बंद.

फळी संध्याकाळी बसवावी. एक-दोन दिवसांत बहुतेक माश्या खाली जातात. पण मधकोठीत पिल्लं असतील तर दाया, म्हणजे पिल्लांना भरवणाऱ्या माश्या, हलत नाहीत, फळी कितीही दिवस ठेवा. इथेच जाळीचा खरा उपयोग: राणी वर गेलीच नाही, तर वर पिल्लं नाहीत.

आणखी एक. माश्या उतरल्या की मधाला राखणदार उरत नाही, वारा घालणारंही कुणी नाही. झाकणाला फट असेल तर शेजारच्या पेट्यांतल्या माश्या लुटायला येतात. आपल्याकडे एप्रिलमध्ये जांभळाचा मध काढताना पेटी उन्हात असेल तर पोळी मऊ पडून ओघळतात. सावली करा, आणि फळी आठवडाभर तशीच विसरून ठेवू नका.

सातेरीच्या दोन-चार पेट्या असतील तर मी फळीच्या भानगडीत पडणार नाही. चौकट उचलावी, झटका द्यावा, उरलेल्या माश्यांवरून मऊ ब्रश फिरवावा.