बार प्रेशर, काइटसर्फिंगमधील

काइटसर्फिंग, म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीने फळीवर उभे राहून पाण्यावरून जाणे, करताना हातातल्या बारवर (पतंग हाकण्याच्या दांड्यावर) पतंगाकडून येणारा ताण. पतंगाची मुख्य ओढ पुढच्या दोऱ्यांतून कमरेच्या हार्नेसवर (पट्ट्यावर) जाते. मागच्या दोन दोऱ्या बारच्या टोकांना बांधलेल्या असतात. हातांना जाणवतो तो त्यांच्यावरचा भार. वायुबल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे पतंगावर येणारा वारा 12 नॉटवरून (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) 18 नॉटवर गेला तर, बाकी सारे तसेच राहिल्यास, बल सव्वादोन पट होते.

चार दोऱ्यांनी पतंग हाकण्याची कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमध्ये पतंगांवर गाड्या चालवणाऱ्या जॉर्ज पोकॉक यांच्यापर्यंत मागे नेता येते. पाण्यावरील खेळाचे श्रेय काही जण 1977 मध्ये पेटंट मिळवणारे डच संशोधक पानहाउसे यांना देतात. तथापि आजच्या पतंगाची घडण पाहता ब्रुनो व डॉमिनिक लगेन्यू या फ्रेंच बंधूंचे 1984 चे पेटंट अधिक निर्णायक मानणे योग्य ठरेल. हवा भरलेल्या कडेमुळे पाण्यात पडलेला पतंग पुन्हा उठवता येऊ लागला. ब्रुनो यांचा बो पतंग (अधिक चपटा, मागची कड आत वळलेला) 2005 च्या सुमारास बाजारात आला.

ताण किती येईल हे मुख्यतः पुढच्या दोऱ्यांची ओढ पतंगाच्या दाबकेंद्रापासून (वाऱ्याचे एकूण बल जिथे लागते त्या बिंदूपासून) किती दूर लागते यावर ठरते. सी आकाराच्या पतंगात पुढच्या दोऱ्या थेट टोकांच्या कोपऱ्यांना येतात. भाराचा मोठा वाटा मागे जातो व बार जड लागतो. बो आणि डेल्टा (त्रिकोणी धाटणीच्या) पतंगांत पुढच्या कडेला कणी असते. संक्रांतीच्या पतंगाची कणी वर-खाली केली की त्याचा स्वभाव बदलतो, तसेच येथेही घडते: ओढ दाबकेंद्राजवळ आली की बार हलका होतो. मागची दोरी टोकाला बांधण्यासाठी बऱ्याच पतंगांवर दोन-तीन जागा असतात. पुढच्या कडेकडील जागेवर बार जड, मागच्या कडेकडील जागेवर हलका.

हलका बार म्हणजे चपळ पतंग, हा समज मात्र चुकीचा आहे. मोठा फॉइल पतंग (हवेच्या नळ्या नसलेला, कापडी कप्प्यांत वारा भरणारा) बोटांनी धरता येतो, पण सावकाश वळतो. लहान सी पतंग मनगटे दुखवतो, तरी झटकन फिरतो. वळण्याचा वेग पतंगाचे आकारमान, टोकांची रुंदी व बारची लांबी यांवर अवलंबून असतो. फार हलक्या बारवर पतंग आकाशात कुठे आहे हे हाताला कळत नाही, सारखे वर पाहावे लागते. नवशिक्याने मध्यम ताणाचा पतंग घ्यावा.

मुंबईत फेब्रुवारी ते मे दरम्यान दुपारनंतर वायव्येचे खारे वारे वाहतात. जुहू-वर्सोव्याच्या पश्चिमाभिमुख किनाऱ्यावर ते तिरके येतात. वेग बहुधा मध्यम असल्याने 12 चौ. मी.च्या आसपासचे पतंग सोयीचे पडतात व बार आटोक्यात राहतो. पावसाळ्यातील नैर्ऋत्य वारा झोतांनी येतो. झोत आला की बार एकाएकी जड होतो. अशा वेळी तो स्वतःकडे न ओढता पुढे सोडावा, म्हणजे पतंगाची ताकद उतरते.