प्रत्येक मुलाच्या हातात मोबाइल हवाच, असं नाही

"आमच्या वर्गात चाळीस मुलं, मोबाइल एक. ऑनलाइन साधनं आम्हाला काय कामाची?" हा प्रश्न शिक्षकांकडून वर्षानुवर्षं ऐकतोय. त्यामागचा समज चुकीचा आहे आणि त्यापायी अनेक वर्ग विनाकारण मागे राहिलेत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

वर्गात प्रश्नोत्तरं घेण्याच्या प्लिकर्स या ॲपचंच बघा. मुलांकडे फक्त छापलेलं कार्ड असतं. त्यावर काळी चौकोनी आकृती असते आणि चार कडांना ए, बी, सी, डी. प्रत्येक कार्डाची आकृती वेगळी. शिक्षक फळ्यावर प्रश्न लिहितात, मुलं आपल्या उत्तराचं अक्षर वर येईल असं कार्ड धरतात आणि शिक्षक मोबाइलचा कॅमेरा वर्गावरून फिरवतात. कोणाचं बरोबर, कोणाचं चुकलं, लगेच कळतं. अक्षरं इतकी बारीक असतात की शेजाऱ्याचं बघून उत्तर देणं अवघड. कधीच हात वर न करणारी मुलंही इथे उत्तर देतात, आणि मला हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. ४० कार्डांचा संच मोफत छापता येतो.

इंटरनेट सतत लागतं, हेही खरं नाही. २०१७ मध्ये सुरू झालेल्या दीक्षा या सरकारी शालेय ॲपवरचे धडे रेंज असेल तिथे उतरवून घ्यायचे आणि वर्गात नेटशिवाय दाखवायचे. बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड तिथेच नेतात. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी असे कोड पुस्तकांत आणले. २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांनाच मिळाला.