जुन्या रिव्हॉल्व्हरवरचा रंग: मूळचा की नंतर चढवलेला?

आजोबांचं रिव्हॉल्व्हर घेऊन येणारे बहुतेक ग्राहक म्हणतात, 'नव्यासारखं चकाचक करून द्या.' आमची विनंती एवढीच, की आधी त्यावरचा रंग नीट तपासू द्या. मूळचा रंग एकदा घासला गेला की परत येत नाही आणि संग्राहकाच्या लेखी वस्तूची किंमतही घसरते.

१८७३ ची कोल्ट सिंगल ॲक्शन ही अमेरिकन रिव्हॉल्व्हर घ्या. तिची फ्रेम, म्हणजे मधला सांगाडा, हाडांच्या आणि लाकडाच्या कोळशात पुरून भट्टीत तापवत आणि लालबुंद असतानाच पाण्यात सोडत. त्यानं वरचा थर कडक होई आणि निळे, तपकिरी, राखाडी ढग उमटत. हा रंग फार पातळ. उजेडानं आणि हाताळण्यानं उडतो. वापरातल्या कोल्टवर तो उरलाच तर दस्त्याखाली, घोड्याच्या (हॅमरच्या) आसपासच्या खाचेत. फ्रेम तजेलदार आणि नळी झिजलेली दिसली, तर शंका घ्याच.

नळीचा निळा रंगही पूर्वी भट्टीतच यायचा. उकळत्या क्षारांचं काळपट, एकसारखं ब्लूइंग (निळा रंग चढवणं) कारखान्यांत रुळलं ते १९३० च्या दशकापासून. १८८० च्या नळीवर ते दिसलं तर ते नंतरचंच.

भिंगातून धातूवर ठोकलेली अक्षरं पाहा. ठसा मारताना कडेचा धातू किंचित वर येतो. बफ (पॉलिशचं चाक) फिरला की ती कड सपाट होते, अक्षरं पुसट होतात, स्क्रूच्या भोकाभोवती बशीसारखा खळगा पडतो. गंजाच्या खड्ड्याच्या तळाशी निळा रंग असेल, तर गंज आधीचा, रंग नंतरचा.

इटलीत गार्दोनेच्या परिसरात उबेर्ती, पिएत्ता यांसारखे कारखाने जुन्या रिव्हॉल्व्हरच्या उत्तम प्रतिकृती बनवतात. त्या प्रतिकृती म्हणूनच विकल्या जातात, त्यात गैर काही नाही. पण आम्लानं जुनाट करून, इटालियन चाचणीगृहाचे (जिथे शस्त्र तपासून शिक्का मारतात) शिक्के घासून 'अस्सल' बनवून द्यायचं काम आम्ही कितीही पैसे दिले तरी घेत नाही. शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ८ नुसार क्रमांक किंवा ओळखखूण पुसायला मनाईच आहे.

बहुतेक वेळा गंज थांबवणं आणि तेलपाणी पुरेसं असतं. तरीही नवा रंग हवाच असेल, तर आधीचे-नंतरचे फोटो आणि केलेल्या कामाची लेखी नोंद बिलासोबत देतो. पुढे विकताना ती नोंद घेणाऱ्याला द्या.

येताना मूळ परवाना आणा आणि सर्व चेंबर रिकामे असल्याची खात्री घरीच करून घ्या.