मूत्रपिंडाचा कर्करोग: टार्गेटेड थेरपी आणि इम्युनोथेरपी यांत नेमका फरक काय?

मूत्रपिंडाच्या कर्करोगावर दिली जाणारी टार्गेटेड थेरपी आणि इम्युनोथेरपी या एकच आहेत, असे अनेक रुग्णांना व त्यांच्या नातेवाइकांना वाटते, आणि तसे वाटण्याला कारणेही आहेत. दोन्ही केमोथेरपी नव्हेत (हा कर्करोग नेहमीच्या केमोथेरपीला फारशी दाद देत नाही), दोन्ही प्रामुख्याने आजार मूत्रपिंडाबाहेर पसरल्यावर वापरल्या जातात आणि अलीकडे तर एकाच रुग्णाला दोन्ही एकाच वेळी दिल्या जातात. तरीही एकीचा रोख गाठीच्या रक्तपुरवठ्यावर असतो आणि दुसरीचा रुग्णाच्या स्वतःच्या टी-पेशींवर, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या प्रतिकारशक्तीच्या पेशींवर. बाकीचे बहुतेक फरक यातूनच निघतात.

या कर्करोगाचा सर्वाधिक आढळणारा प्रकार ‘क्लिअर सेल’ हा आहे. त्यातील बहुतेक गाठींमध्ये व्हीएचएल हे जनुक निकामी झालेले असते. पेशीला पुरेसा ऑक्सिजन मिळत असताना एचआयएफ ही प्रथिने नष्ट करवण्याचे काम या जनुकाकडे असते. ते थांबले की पेशी ऑक्सिजन असूनही तो नसल्यासारखी वागते आणि नव्या रक्तवाहिन्या फुटाव्यात म्हणून व्हीईजीएफ हा घटक भरमसाट सोडते. (ऑक्सिजन ओळखण्याच्या या यंत्रणेच्या शोधासाठी केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ चे नोबेल मिळाले.) सुनिटिनिब, अ‍ॅक्सिटिनिब, कॅबोझँटिनिब या टार्गेटेड थेरपीच्या गोळ्या हाच संदेश अडवतात, म्हणजे गाठीची रसद तोडतात. परिणाम बऱ्याचदा लवकर दिसतो, पण गाठ पुढे दुसरी वाट शोधते, आणि गोळी बंद केल्यावर वाढ पुन्हा सुरू होणे हे नेहमीचेच आहे.

इम्युनोथेरपीची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. अनेक कर्करोगांत गाठीत शिरलेल्या टी-पेशी जितक्या जास्त, तितके रुग्णाचे भवितव्य चांगले, असे दिसते. मूत्रपिंडाच्या क्लिअर सेल कर्करोगात मात्र अनेक अभ्यासांत नेमके उलटे आढळले आहे. याचा एक उलगडा असा, की पेशी तेथे हजर असतात, पण सततच्या उत्तेजनाने थकून निष्प्रभ झालेल्या असतात. त्यांच्या पृष्ठभागावरील पीडी-१ या ग्राहीला (संदेश घेणाऱ्या प्रथिनाला) गाठीतील पीडी-एल१ हे प्रथिन जुळले की टी-पेशी हात आखडता घेते. निवोलुमॅब आणि पेम्ब्रोलिझुमॅब ही शिरेतून दिली जाणारी प्रतिपिंडे ही जुळणी होऊ देत नाहीत, तर इपिलिमुमॅब सीटीएलए-४ या वेगळ्या ग्राहीला अडवते, जिचे काम मुख्यतः लसिका ग्रंथींमध्ये, टी-पेशी सज्ज होत असतानाच चालते. कर्करोगाची पेशी मारण्याचे काम यांपैकी कोणतेही औषध स्वतः करत नाही. ते टी-पेशीच करते. म्हणूनच ज्या थोड्या रुग्णांत हा प्रतिसाद पक्का बसतो, त्यांच्यात औषध थांबवल्यावरही तो वर्षानुवर्षे टिकू शकतो.

इम्युनोथेरपीची ही कल्पना गोळ्यांहून जुनी आहे. अमेरिकेत १९९२ मध्येच मोठ्या मात्रेतील इंटरल्युकिन-२ ला (टी-पेशींना चेतवणाऱ्या प्रथिनाला) मान्यता मिळाली होती. मोजक्या रुग्णांच्या गाठी त्याने कायमच्या नाहीशा झाल्या, पण त्याची विषारकता अतिशय तीव्र होती. सुनिटिनिब २००६ मध्ये आले, आणि या आजारासाठी निवोलुमॅबला मान्यता मिळायला २०१५ उजाडले.

हा फरक प्रत्यक्षात कुठे नडतो, ते जुलाबांच्या उदाहरणावरून कळते. दोन्ही उपचारांत जुलाब होतात, पण कारण निराळे असते. अ‍ॅक्सिटिनिबमुळे होणारे जुलाब गोळी थांबवली की बहुधा दोन-तीन दिवसांत ओसरतात, कारण हे औषध शरीरातून झपाट्याने निघून जाते. इम्युनोथेरपीतले जुलाब म्हणजे मोकळ्या सुटलेल्या टी-पेशींनी मोठ्या आतड्यावर केलेला हल्ला असू शकतो. प्रतिपिंडे शरीरात अनेक आठवडे टिकून असल्याने पुढचा डोस न देणे पुरेसे ठरत नाही आणि स्टिरॉइड देऊन ते आठवड्यांच्या हिशेबाने हळूहळू कमी करावे लागतात. दोन्ही औषधे एकत्र चालू असतील आणि त्रास सौम्य असेल, तर डॉक्टर जंतुसंसर्ग नसल्याची खात्री करून आधी गोळी थांबवतात व दोन-तीन दिवस वाट पाहतात. अशा वेळी दुकानातून जुलाब थांबवण्याची गोळी आणून गप्प बसणे धोक्याचे आहे. रक्तदाब वाढणे आणि तळहात-तळपाय सोलवटणे हे मात्र गोळ्यांचेच लक्षण समजावे, तर फुफ्फुसाचा दाह किंवा अधिवृक्क (मूत्रपिंडांवरील अ‍ॅड्रिनल) ग्रंथी मंदावणे यांमागे इम्युनोथेरपीचा संशय आधी घ्यावा, अगदी ती संपून काही महिने लोटले असले तरी.

एवढा फरक असूनही दोन्ही एकत्र का देतात? कारण व्हीईजीएफ फक्त रक्तवाहिन्या वाढवत नाही. तो टी-पेशींना शत्रूची ओळख करून देणाऱ्या डेंड्रिटिक पेशींना परिपक्व होऊ देत नाही आणि टी-पेशींचा गाठीतील प्रवेशही अवघड करतो. त्यामुळे त्याला अडवणारी गोळी टी-पेशींची वाटही काही अंशी मोकळी करते. पेम्ब्रोलिझुमॅब आणि अ‍ॅक्सिटिनिब या जोडीला अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळाली. मात्र ही जोडी सरसकट सर्वांसाठी नाही. मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्या रुग्णात सैल सोडलेल्या टी-पेशी रोपित अवयवावरच उलटू शकतात, म्हणून तेथे गोळ्यांचा विचार आधी होतो. उलट, नुकतीच मोठी शस्त्रक्रिया झालेली असेल, तर जखम भरण्यात अडथळा आणणाऱ्या गोळ्याच पुढे ढकलल्या जातात.