हमिंग (घरगुती ऑडिओ)

गाणे लावलेले नसतानाही स्पीकरमधून सतत ऐकू येणारा वीजपुरवठ्याचा आवाज. भारतात मेनचा पुरवठा 230 व्होल्ट, 50 हर्ट्‌झ असतो, म्हणून हा आवाज 50 हर्ट्‌झचा खोल घुमारा किंवा 100 हर्ट्‌झची खरखरीत गुरगुर असा येतो. पेटीवर स्वर लावून पाहिला तर दोन्ही पांढरी पाचच्या (G स्वराच्या) किंचित वर बसतात. 100 हर्ट्‌झची गुरगुर एकट्या अॅम्प्लिफायरमधून येत असेल, तर बहुधा त्याचे फिल्टर कपॅसिटर (आतला डीसी पुरवठा सपाट करणारे भाग) वाळलेले असतात.

आधी अॅम्प्लिफायरला जोडलेल्या सर्व आरसीए केबल (लाल-पांढऱ्या टोकांच्या ऑडिओ केबल) काढाव्यात. आवाज तरीही राहिला, तर दोष अॅम्प्लिफायरच्या आत आहे. थांबला, तर एकेक केबल परत लावावी. जिच्यामुळे आवाज परततो तिथे अर्थ लूप, म्हणजे दोन वाटांनी अर्थला जोडले गेल्याने झालेले वर्तुळ, असतो. सर्वांत जास्त वेळा तो सेट-टॉप बॉक्सपाशी सापडतो. केबलवाल्याच्या कोअॅक्सचे (टीव्हीच्या गोल केबलचे) अर्थिंग एकीकडे, अॅम्प्लिफायरचे दुसरीकडे. दोहोंत थोडा व्होल्टेजचा फरक पडला की आरसीएच्या शील्डमधून (तारेभोवतीच्या धातूच्या जाळीतून) करंट वाहतो आणि तो सिग्नलमध्ये मिसळतो. कोअॅक्स बॉक्समधून काढताच आवाज गेला, तर निदान पक्के. मग कोअॅक्सवर आयसोलेटर किंवा आरसीएवर 1:1 ऑडिओ ट्रान्सफॉर्मर लावावा; दोन्ही सिग्नल जाऊ देतात, पण अर्थची जोड तोडतात. ऑप्टिकल जोडणी असेल तर उत्तमच, कारण तिच्यात तांब्याची तारच नसते. सगळी उपकरणे एकाच सॉकेटवरच्या एक्स्टेंशन बोर्डवर घेतल्यानेही बरेचसे काम होते. लॅपटॉप जोडलेला असेल, तर चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहावा.

प्लगची वरची जाड (अर्थची) पिन काढली की आवाज अनेकदा थांबतो, आणि म्हणूनच हा उपाय सर्रास केला जातो. तो करू नये. आत फेजची तार सुटून कॅबिनेटला टेकली, तर फ्यूज उडत नाही, कॅबिनेट मात्र जिवंत राहते. जुन्या घरांत सॉकेटच्या तिसऱ्या भोकाला अनेकदा तारच जोडलेली नसते. तेव्हा पत्र्याच्या कॅबिनेटवरून बोटांची मागची बाजू हळूच फिरवली की झिणझिण्या जाणवतात. मल्टिमीटरवर फेज-अर्थ साधारण 230 आणि न्यूट्रल-अर्थ एक-दोन व्होल्टच दिसायला हवा. नसेल, तर आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग नीट करून घ्यावे.

टर्नटेबलच्या (रेकॉर्ड प्लेअरच्या) बारीक अर्थ वायरचे टोक अॅम्प्लिफायरच्या जीएनडी (ग्राउंड) स्क्रूखाली घट्ट आवळलेले असावे. ते सैल झाले की फोनो (टर्नटेबलच्या) इनपुटवर जोराचा घुमारा येतो. कार्ट्रिज (टर्नटेबलची सुई धरणारा भाग) ट्रान्सफॉर्मरपासून निदान अर्धा मीटर दूर ठेवावे. सिग्नल केबल आणि पॉवर कॉर्ड शेजारून नेऊ नयेत. ओलांडाव्याच लागल्या तर काटकोनात.

पंख्याचा गोल फिरणारा ट्रायक (इलेक्ट्रॉनिक स्विचचा) रेग्युलेटर, डिमर आणि स्वस्त एलईडीचे ड्रायव्हर यांची किरकिर मात्र हमिंगपेक्षा वेगळी. पायरीपायरीच्या कपॅसिटर रेग्युलेटरने पंख्याची किरकिर जाते. बाजारातले मेन फिल्टर साधारण 150 किलोहर्ट्‌झच्या वरचा गोंगाट अडवतात. 50 हर्ट्‌झच्या घुमाऱ्यावर त्यांचा काही उपयोग नाही. स्टॅबिलायझरही तो कमी करत नाही. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर मात्र शांत सिस्टीमही गुरगुरू लागते, तिथे साइन वेव्हचाच इन्व्हर्टर हवा.