ग्लव्हर, टॉमस ब्लेक

ग्लव्हर, टॉमस ब्लेक : (६ जून १८३८ – १६ डिसेंबर १९११). जपानमध्ये आयुष्य काढलेला स्कॉटिश व्यापारी. जन्म फ्रेझरबर्ग येथे. १८५९ मध्ये जपानने नागासाकीसह काही बंदरे परदेशी व्यापाराला खुली केली आणि त्याच वर्षी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तो शांघायहून तेथे पोहोचला. आधी जार्डिन मॅथेसन या ब्रिटिश व्यापारी कंपनीची आडत, मग १८६१ मध्ये स्वतःची पेढी. माल मुख्यतः चहा. लांबच्या सागरी प्रवासात चहाला बुरशी लागू नये म्हणून तो पुन्हा भाजावा लागे. त्यासाठी त्याने कारखाना काढला.

खरा पैसा मात्र शस्त्रांत होता. शोगुनची, म्हणजे जपानच्या लष्करी शासकाची, सत्ता डळमळत होती आणि सात्सुमा, चोशू ही संस्थाने बंदुका व आगबोटी शोधत होती. शोगुनशी वैर असल्याने चोशूला उघड खरेदी करता येईना. १८६५ मध्ये सुमारे ७,३०० बंदुका सात्सुमाच्या नावावर घेऊन चोशूला पोहोचवल्या गेल्या. मध्यस्थी शोगुनविरोधी सामुराई साकामोतो र्‍योमाच्या मंडळींची, माल ग्लव्हरचा. परवानगीविना देश सोडणाऱ्याला देहदंड होई, त्या काळात सात्सुमाच्या १९ जणांना त्याने गुपचूप ब्रिटनला धाडले. त्याला निव्वळ नफेखोर म्हणणे अन्यायाचे होईल आणि निव्वळ जपानचा मित्र म्हणणे भाबडेपणाचे.

हा सारा व्यवहार उधारीवर चाले. १८६८ चे शोगुनविरुद्धचे यादवी युद्ध लवकर आटोपले, शस्त्रे पडून राहिली, संस्थानांकडील येणी थकली. शिवाय नागासाकीजवळच्या ताकाशिमा बेटावरची कोळसाखाण आणि कोसुगेची जहाजदुरुस्तीची गोदी यांत भांडवल अडकले होते. १८७० मध्ये पेढीचे दिवाळे निघाले. तरी तो मायदेशी परतला नाही. जी खाण त्याने सुरू केली तिथेच तो नोकरीला राहिला. १८८१ मध्ये खाण मित्सुबिशीकडे गेली, पुढे तो त्या कंपनीचा सल्लागार झाला. किरिन बिअर ज्या कंपनीतून निघाली तिच्या उभारणीतही त्याचा हात होता. १९०८ मध्ये सम्राटाने त्याला ‘उगवता सूर्य’ हा सन्मान दिला.

नागासाकीतील मिनामियामाते टेकडीवरचे त्याचे १८६३ चे घर जपानी सुतारांनी बांधले : ऐसपैस व्हरांडा पाश्चात्त्य, छपराची कौले जपानी. व्हरांड्यातून सारे बंदर दिसते. २०१५ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे.

पत्नी त्सुरू जपानी. मुलगा कुराबा तोमिसाबुरो याने ‘ग्लव्हर’चेच जपानी रूप आडनाव म्हणून घेतले, नागासाकीच्या समुद्रातील माशांची शेकडो चित्रे काढून घेतली आणि जपानी नागरिक म्हणूनच जगला. दुसऱ्या महायुद्धात मात्र त्याच्यावर पोलिसांची पाळत होती. अणुबॉम्ब पडल्यानंतर, २६ ऑगस्ट १९४५ रोजी, त्याने आत्महत्या केली. नागासाकीच्या साकामोतो दफनभूमीत बाप-लेकाच्या कबरी आहेत.